टपावरची फळी

जावयाच्या कॅम्पर व्हॅनच्या टपावर फळी होती. विहंगराव तिला सर्फबोर्ड म्हणत. केशवरावांच्या मनात मात्र ती पहिल्या दिवसापासून फळीच. वर्षभरात ती तळेगावातल्या सोसायटीचं पार्किंग, ऑफिसचं पार्किंग, दोन मॉल आणि एक लग्न, इतकं हिंडून आली होती. पाणी तिनं पाहिलं ते पावसाचं आणि गाडी धुणाऱ्याच्या पाइपाचं. गाडीचीही तीच गत. आत शेगडी, बेसिन, घडीचा पलंग. त्या पलंगावर अजून कुणी झोपलं नव्हतं, कारण विहंगरावांना एसीशिवाय झोप येत नसे.

हे सगळं हसण्यावारी न्यायला हरकत नव्हती. पण गेल्या आठवड्यात जेवताना विहंगरावांनी जाहीर केलं, की रविवारी अलिबागला जायचं आणि आठ वर्षांच्या लेकीला, इरावतीला, फळीवर बसवून लाटांत न्यायचं.

“भीती लहानपणीच मोडायची असते, बाबा.”

केशवरावांनी हातातला घास ताटात ठेवला. या माणसाला पोहता येतं का? प्रश्न साधा, पण जावयाला विचारायचा कसा? शाळेच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं ‘शांत बसा’ एवढंही त्यांनी पाटी लावूनच सांगितलेलं. आठवडाभर त्यांनी वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं, आणि रविवारी सकाळी मुकाट्यानं नातीशेजारी मागच्या सीटवर जाऊन बसले.

लोणावळ्यात गाडी तुंगार्लीकडे वळली. समुद्राच्या आधी तलावाकाठी फोटो हवा होता. चढाच्या तोंडाशी बॅरिकेड लावलेलं. शेजारी पाण्यात उतरायला मनाई असल्याचा आदेश, आणि विठ्ठल नावाची पट्टी छातीवर लावलेला हवालदार. त्यानं गाडीकडे पाहिलंच नाही, टपाकडे पाहिलं.

“ह्ये काय हाय?”

“सर्फबोर्ड,” विहंगराव काच खाली करून म्हणाले. “लाटांवर चालवतात.”

“पाण्यात घालायचं ना?”

“ऑफकोर्स.”

“मग हितंच उतरवा. जाताना घिऊन जा.”

“अहो, पण फोटोसाठीच तर हवाय तो.”

“फोटोला म्हणून येत्यात आन् पाण्यात उड्या टाकत्यात. गेल्या रविवारी दोघांना वढून काढलं आमी. तुमाला पोहायला येतं?”

“मी सर्फर आहे,” विहंगराव गॉगल कपाळावर सरकवत म्हणाले.

“मग तर न्हाईच सोडत. येतं म्हणणाऱ्याचाच आमाला ताप.”

बॅरिकेडला लागून बयाबाई कणसं भाजत होत्या. त्यांनी वारा घालणं थांबवलं. मागे तीन गाड्या थांबल्या. विहंगराव खाली उतरले, हवालदाराला जरा बाजूला न्यायला गेले. पण हवालदार बाजूला होणाऱ्यांतला नव्हता. मग विहंगरावांनी आवाज उतरवला.

“मी पाण्यात जाणारच नाही, साहेब.”

“कशावरनं?”

“म्हणजे... जात नाही.”

“आज न्हाई का कदीच न्हाई?”

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. विहंगरावांनी एकदा टपाकडे पाहिलं, एकदा तलावाच्या दिशेला.

“मला पोहता येत नाही.”

“मोठ्यानं बोला. ऐकू न्हाई आलं.”

“मला पोहता येत नाही.”

“आरं बाबा,” बयाबाई म्हणाल्या, “मंग ही एवढी फळी डोक्यावर कशापायी वागवतोस? इस्तरी करतोस व्हय तिच्यावर?”

पुढच्या सीटवरून केशवरावांची लेक इंद्रायणी नवऱ्याकडे बघत राहिली. लग्नाला दहा वर्षं झाली होती. गोव्यातल्या दोन दिवसांच्या सर्फिंगच्या फोटोंना तिनंच चौकटी करून आणल्या होत्या.

“मग तसं लिवून द्या,” हवालदार म्हणाला, “आन् जावा फोटो काढायला.”

कागद आला. विहंगरावांची शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी त्यांना बोलता येई भरपूर, वाचता मात्र दुकानाच्या पाटीएवढी. लेखणी आपसूक केशवरावांच्या हाती आली. बॉनेटवर कागद ठेवून ते वळणदार अक्षरात लिहू लागले: लिहून देणार यास पोहता येत नाही. गाडीच्या टपावरील फळी केवळ शोभेची असून ती आजवर पाण्यात घातलेली नाही.

इथे संपायला हवं होतं. केशवरावांचा हात थांबला. आपण करतोय ते बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं. दुसऱ्याच्या सहीच्या वर आपलं वाक्य घालणं म्हणजे लबाडीच. तरी हात पुढे सरकला: तसेच सदर फळीवर मी माझ्या अल्पवयीन मुलीस बसवून तलाव, नदी अथवा समुद्र यांत नेणार नाही.

विहंगरावांनी घड्याळ बघत सही ठोकली.

हवालदारानं कागद घेतला आणि जमलेल्यांना ऐकू जाईल असा खणखणीत वाचला. शेवटच्या वाक्याशी विहंगरावांनी मान वर केली.

“हे कुणी सांगितलं? बाबा, तुम्ही घातलंत?”

केशवराव लेखणीचं टोपण शोधू लागले. हवालदारानं म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून डोकं काढून बसलेल्या पोरीकडे, आणि कागदाची घडी घालून खिशात टाकली.

“बारकं पोर संगं असलं की लिवावंच लागतं त्ये. नियमच हाय तसा.”

बॅरिकेड सरकलं. तलावाकाठी विहंगरावांनी गाडीचे अकरा फोटो काढले, फळीला टेकून चार. फोटोत ते हसत होते.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. खंडाळ्याच्या पुढे, उतार सुरू झाल्यावर त्यांनी विषय काढला.

“समुद्र काही त्या हवालदाराच्या हद्दीत येत नाही. काय, इरा? बसायचं ना बोर्डवर?”

“तुम्हाला तर पोहता येत नाही, बाबा,” इरा म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती फक्त आठवण करून देत होती.

“कंबरभर पाण्यात कशाला लागतं पोहायला?”

“इरा किनाऱ्यावर बसेल,” इंद्रायणी समोर बघत म्हणाली. “माझ्याजवळ. तुला जायचं तर तू जा, मी फोटो काढते.”

घाट संपला. मग समुद्रावर आज वारा फार असेल, असं विहंगराव आपणच म्हणाले.