दगडोबा वर गेला त्याची गोष्ट

मुखेडच्या पंचक्रोशीत विहिरीतला गाळ काढायचा तर दगडोबाला बोलवत. कमरेला दोर बांधून तो अंधारात असा उतरायचा, की काठावरची माणसंच धास्तावायची. हाच दगडोबा गुलमर्गला रोपवेच्या पाळण्यांच्या रांगेशी पोचला आणि खाली बसला.

लातूरला शिक्षिका असलेली त्याची मुलगी तनुजा सुट्टीत मायबापाला काश्मीर दाखवायला घेऊन आली होती. तिकिटं थेट वरच्या टप्प्यापर्यंतची. समोर तारेला लटकलेल्या काचेच्या पेट्या सूचिपर्णी झाडांवरून सरसर डोंगर चढत होत्या.

"मी न्हाई येत. गुडघा दुखायलाय," दगडोबा म्हणाला.

आता बायको सिंधु पण थांबेल, असं त्यानं धरलं होतं. लग्न झाल्यापासून ती मुखेडच्या बाजारालासुद्धा त्याच्याशिवाय गेली नव्हती.

"मग तुमी बसा," सिंधु म्हणाली, आणि लुगड्याचा घोळ सावरत लेकीमागून पाळण्यात चढली. पाळणा गेला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दगडोबानं चहा घेतला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या घोडेवाल्याशी आपल्याकडच्या हिंदीत पाऊसपाण्याचं बोलला. वरून पाळणे येत होते, माणसं हसत उतरत होती. सिंधु काही उतरेना. शेवटी त्यानंच तनुजाला फोन लावला. फोन सिंधुनं घेतला.

"अवो, इथं लई बरफ हाय. आमी आजून वर जाणार. तुमी आजून एक चहा घ्या."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. दगडोबा उठला. मग खिशातलं तिकीट काढून रांगेत उभा राहिला.

पाळण्यात निजामाबादचं एक जोडपं होतं. दार मिटलं, पाळणा हिसका देऊन सुटला, तसं दगडोबानं डोळे मिटून दांडा धरला.

"भयमा?" त्या माणसानं मायेनं विचारलं.

देगलूरच्या बाजारात ऐकून ऐकून एवढी तेलुगू त्याला येत होती. "लेदु," म्हणजे नाही, असं तो म्हणाला. दांडा सोडला नाही.

त्या बाईला हसू आलं आणि तिनं काचेतून खाली बोट दाखवलं. दगडोबानं एक डोळा उघडला. खाली खोल दरी, तळाशी मेंढपाळांच्या झोपड्या, एवढ्याएवढ्याशा. तारेकडं पाहिलं की डोळे आपोआप मिटायचे. खाली पाहिलं की काही नाही. काठावर उभं राहून तळ बघायची तर जन्माची सवय. मग तो खालीच बघत राहिला, आणि उतरायची वेळ आली तेव्हा त्याला जरा लवकर झाल्यासारखं वाटलं.

मधल्या टप्प्यावर सिंधु बर्फात फतकल मारून बसली होती. लुगड्यावर भाड्याचा लाल कोट, पायात गमबूट, हातात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"आलात?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही लपलं नाही.

"एकटीला कसं सोडावं म्हणलं."

"मी कुठं एकटी? लेक हाय की."

तनुजानं तोंड फिरवून हसून घेतलं. सिंधुनं अर्धी भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली. खाऊन झाल्यावर तिघं पुढच्या रांगेत उभी राहिली. पाळणा आला तसा दगडोबा पुढं सरकला.

"खिडकीशी मी बसणार," सिंधु म्हणाली.

तो बाजूला झाला आणि तिला आधी चढू दिलं.