आंधळा सेन्सर

देवणीची मंजुश्री चार वर्षं नांदेडच्या प्रयोगशाळेत एकाच कामाला जुंपलेली होती. पेशीच्या आत कॅल्शियमचं एक कोठार असतं. त्यात किती कॅल्शियम आहे ते तिला मोजायचं होतं. त्यासाठी पेशीत एक जनुक घालायचा, मग पेशी स्वतःच एक चमकणारं प्रथिन बनवते. कॅल्शियम जास्त तर हिरवी चमक जास्त. हाच सेन्सर. नवं औषध टाकलं की चमक झपकन उतरायची. या औषधानं कोठार रिकामं होतं, असा पेपर तिचे मार्गदर्शक असलेल्या शिवमूर्ती सरांनी लिहिला आणि एका संशोधन पत्रिकेनं तो स्वीकारलाही.

पण पेशीत आंबटपणा वाढला तरीही ही चमक उतरते, हे मंजुश्रीला ठाऊक होतं. म्हणून तिनं तसाच चमकणारा, पण कॅल्शियम अजिबात न ओळखणारा, आंधळा सेन्सर बनवला. औषध टाकलं. चमक तशीच उतरली! म्हणजे कॅल्शियमचा त्यात संबंधच नव्हता.

आलेख घेऊन ती सरांकडे गेली. टेबलावर पेढ्यांचा डबा उघडा होता.

"ये बाळा, तोंड गोड कर."

पेढा तोंडात टाकून तिनं आलेख पुढं केला. सरांनी नुसती नजर टाकली. चेहरा हललाही नाही.

"हे पंचशीलानं दोन वर्षांखालीच दाखवलं होतं मला."

"मग, सर?"

"मग काय? तिला काम झेपंना, गेली सोडून. तू शहाणी हायस. फाईल काढून टाक."

पेढ्याचा लगदा तिच्या टाळूला चिकटला. तुपाचा वास नाकात घुसला. ती तशीच बाहेर पळाली आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत थुंकली. पंचशीला तिच्याआधीपासूनची विद्यार्थिनी; तिला काम येत नाही म्हणून इथं सगळे हसायचे. तीही हसली होती. तिला स्वतःचीही शिसारी आली.

पंचशीला आता लातूरला शिकवत होती. मंजुश्रीनं फोन लावला.

"ताई, माझं चुकलं. तुमचे जुने आलेख हायत का?"

"हायत की. पाठवते."

संध्याकाळी दोघींचे आलेख जोडून तिनं पत्रिकेच्या संपादकांना पत्र धाडलं. महिन्याभरात पेपर मागं घेतला गेला. सरांनी तिच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. नवे मार्गदर्शक मिळाले, पण काम पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

परवा जिन्यात सर समोर आले. "बरी हायस ना बाळा?" म्हणत त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मंजुश्रीनं वसतिगृहात जाऊन दोनदा केस धुतले.