फणसाची खुर्ची आणि उभ्या सरपंचबाई

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, साधीसुधी नव्हे, सरपंचाची! रत्नागिरीहून पावसला जाताना लागणाऱ्या एका गावच्या ग्रामपंचायतीत माझा मुक्काम आहे. सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं, हातांवर आंबे कोरले. येणारेजाणारे हात फिरवून कौतुक करायचे. पुढे बागायतदार राजाभाऊ सरपंच झाले. ते माझ्यावर बसले ते उठायचं नावच घेईनात.

मग कायद्याने सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. राजाभाऊंनी दापोलीला शेती शिकलेल्या सुनेला, मनस्विनीला, निवडणुकीला उभं केलं. ती निवडून आली आणि हार राजाभाऊंच्या गळ्यात पडले. मला वाटलं, आता माझ्यावर बसणारा माणूस बदलेल. कसलं काय! आमच्याकडे सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही. म्हणून राजाभाऊ एकही सभा चुकवत नसत. ते माझ्यावर आणि सरपंचबाई कपाटाशी उभ्या. कायदा करणाऱ्यांना ही रीत ठाऊक नसावी. राजाभाऊंना पक्की ठाऊक होती.

अशात खालच्या वाडीच्या विहिरीत जांभ्या दगडाच्या चिरेखाणीचं लाल पाणी उतरू लागलं. खाण राजाभाऊंच्या मित्राची. त्याला ती आणखी वाढवायची होती, परवानगी पंचायतीने द्यायची होती. सभेच्या दिवशी त्या वाडीतली सोनूबाई आधीच येऊन बसली. मनस्विनीला म्हणाली, "बस गो बाय खुर्चीवर. आमी मतां तुला दिलाव, तुज्या सासऱ्याला नाय."

मनस्विनी बसली. राजाभाऊ आले तरी उठली नाही. "बाबा, त्या बाकावर बसा. सभा सुरू झालीय," एवढंच म्हणाली आणि खाणीला तिने नकार दिला. तेवढी एकच सभा मला अभिमानाने आठवते.

त्यानंतर घरी तिच्याशी कोणी बोलेना. नवरा यज्ञेशसुद्धा नाही. शेवटी तिचा राजीनामा आला, घरगुती कारणासाठी. कारण मात्र अगदी खरं होतं.

पद अजून बाईचंच होतं. राजाभाऊंनी धाकट्या भावाच्या बायकोला, येसूबाईला, निवडून आणलं. थोरल्या दिरासमोरही खुर्चीवर बसायचं नसतं ना! खाणीला परवानगी मिळाली.

परवा सोनूबाईने लाल पाण्याने भरलेला तांब्या टेबलावर आदळला. "सरपंच कोन हाय हितं?" तिने विचारलं. भिंतीशी उभ्या येसूबाईने मान खाली घालून दिरांकडे बोट दाखवलं.

"पाणी जरा निवळू दे गो, मग पी," राजाभाऊ हसून म्हणाले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, मला पॉलिशही नको. तुमच्या घरातली आई, काकी, ताई आजोबांसमोर खुर्चीवर बसते का, तेवढं आज बघा. बसत नसेल तर तुम्ही उठा आणि तिला बसवा. ते जमणार नसेल तर माझी चिंता सोडा. फणसाचं लाकूड टिकाऊ असतं. राजाभाऊंना मी अजून पुष्कळ वर्षं पुरेन.