सूर्य मावळायच्या आत

राजारामपुरीत कशाचा क्लास नाही ते विचारा. त्यात रविवारी दुपारी मालिका लिहायला शिकवणारा एक निघाला, आणि अक्काताईंनी सुनेला त्यात घातलं. जिनेंद्र अचानक गेला त्याला वर्ष होत आलं, तरी ऊन कलायला लागलं की ऐश्वर्या दाराकडे बघत बसायची. आपला मुलगा गेल्याचं दुःख होतंच, पण सुनेचं हे बसणं त्यांना बघवत नव्हतं.

शिकवणारे विश्वजित सर मुंबईत दोन-चार मालिका लिहून परत आलेले. पायलट म्हणजे मालिकेचा पहिला भाग, तो पटला तरच चॅनेल पुढचे घेतं, एवढं सांगून त्यांनी सगळ्यांना लिहायला बसवलं.

ऐश्वर्याच्या पायलटमधलं घर जैनांचं होतं. नवऱ्याचं नळ-पाइपांचं दुकान. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी तो शटर ओढायचा. बायको भाकरी तव्यावर टाकते, स्कूटर वाजते, दोघं जेवतात. भाग संपला. नाव तिने बदललं होतं, माणूस तोच ठेवला होता.

सर म्हणाले, टीव्हीवर कुटुंब रात्री जेवतं. ती म्हणाली, आमच्यात नाही. बरं, पण यात घडतं काय? तो रोजच येत असेल तर उद्या टीव्ही कोण लावेल? तिने परत लिहिलं. दुकानात भांडकुदळ गिऱ्हाईक आलं, रस्त्यात मिरवणूक आडवी आली, स्कूटर पंक्चर झाली. नवरा मात्र वेळेत पोचलाच. दर रविवारी ती त्याला सुखरूप घरी आणत राहिली. वर्ग हसायचा. हसू दे. दुसरीकडे कुठे आणता येणार होतं त्याला?

शेवटी सरांनीच सुचवलं, आज तो येत नाही, असं लिहा. खरी मालिका तिथून सुरू होते.

सरांना बिचाऱ्यांना काय माहीत? आपल्या घरचं ती वर्गात कुणाला बोललीच नव्हती. तिने लिहिलं. भाकऱ्या झाल्या, भिंतीवरचं ऊन सरकत वर गेलं, फोन वाजून वाजून थांबला. सूर्य मावळला. बायकोने ताटं झाकली. पहिल्यांदा तो देवाने नेला, या वेळी ऐश्वर्याने स्वतः.

रविवारी वाचून झालं तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही. सर तर खूश. हाच भाग निर्मात्याकडे पाठवायचा, म्हणाले, फक्त पुढे काय होतं ते ठरवू. लगेच अंदाज सुरू झाले. कुणी त्याला पळवून नेलं, कुणी दुसरी बाई आणली, कुणी त्याची स्मृती घालवली. मग सरांनी ऐश्वर्याला विचारलं.

"दुसऱ्या दिवशी शेजारीण डबा आणती," ती म्हणाली. "आणि बायको जेवती, सर. भूक लागतीच की."