अर्धा अंश

जिन्यावरून सहज खाली पाहिलं आणि धाकटीचं डोकंच फिरलं. वाचनालयाच्या दालनात, गुडघे सोलवटून, दगडाचा एकेक रंगीत तुकडा बसवून तिने केलेलं सूर्यफूल खाली पसरलं होतं. मधोमध ते सूर्यफूलच होतं. कडेला मात्र त्याचा पार पंखा झाला होता. बिया एकमेकींत गुंतायच्या सोडून वाकड्या रांगा धरून उभ्या होत्या आणि दोन रांगांमध्ये सिमेंटचे करडे पट्टे उघडे पडले होते.

असं का झालं ते तिला लगेच कळलं, म्हणून तर जास्त संताप आला. सूर्यफुलाची बिया मांडायची रीत ठरलेली असते. एक बी झाली की एकशे साडेसदतीस अंश वळायचं, किंचित बाहेर सरकायचं, पुढची ठेवायची. कोन नेमका असला की कुठे फट राहत नाही. फरशीवर तो कोन धरायला लाकडी साचा लागत होता आणि तो दादाने कापून दिला होता. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, फरशीकामात नाव कमावलेला माणूस. आजवर ती त्याच्याच हाताखाली राबली. हे पहिलंच काम तिचं स्वतःचं, आणि दाराशी तिच्या नावाची पितळी पट्टी लागायची होती.

तिने खाली येऊन साचा कोनमापकावर धरला. एकशे सदतीस.

"दादा, अर्धा अंश कुठे गेला?"

दादा पोत्यावर बसून चहा पीत होता. "कोनमापकावर अर्ध्याची रेघ नाही. अर्ध्याने काय होतंय?"

"दर दगडाला अर्धा. असे शेकडो दगड आहेत. मला विचारायचं होतंस."

"तुला?" दादा हसला. ते हसू तिला लहानपणापासून पाठ होतं.

"एकीकडे दगड चिकटतायत, दुसरीकडे फट पडतेय, हे मी सांगितलं होतं. तू म्हणालास, सिमेंट भर."

"भरलंस ना? मग झालं तर. लोक चपला घासत जातील यावरून. बिया तपासायला कोण बसतंय."

"कडेचा भाग उखडून परत करू."

"आणि लोकांत हसं करून घेऊ? काहीतरीच तुझं."

या माणसापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिला रडू येत होतं, आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

तेवढ्यात ग्रंथपालबाई आल्या. जिना चढून त्यांनी कौतुकाने खाली पाहिलं. "अय्या, किती छान चक्र झालंय."

"चक्रच काढायचं होतं," दादा बेधडक म्हणाला.

धाकटीने ओठ चावला. बाई खाली आल्या. "पट्टी करायला टाकतेय. नाव कसं घालू?"

"दादाचं घाला," ती म्हणाली. "एकट्याचं. माझं नको."

या पट्टीची तिने किती वाट पाहिली होती. पण त्या फरशीशेजारी आपलं नाव तिला बघवलं नसतं. बाईंनी एकदा दोघांकडे पाहिलं, मान डोलावली आणि गेल्या.

दादा आधी खूश दिसला. मग त्याने कप खाली ठेवला आणि जिना चढून गेला. कठड्याला धरून तो बराच वेळ खाली पाहत राहिला. एकदा या टोकाला गेला, एकदा त्या टोकाला.

"कडेचं जरा विचित्रच दिसतंय गं," तो वरून म्हणाला. "माझ्या नावाखाली असं ठेवून चालायचं नाही. उखडायलाच हवं. छिन्नी आण."

धाकटी जागची हलली नाही. मघापासून ती चिडलेलीच होती, पण इतकी नाही.