चौदावं कार्ड

"हे असंच ठेवायचं," म्हणत शिवदासने चौदावं कार्ड बाजूला ठेवून पुढचं उचललं. पर्पेच्युआने टाइपरायटरवरचे हात काढले.

"म्हणजे 'असंच ठेवा' असं टाइप करू? पण हे कार्ड करतं काय?"

१९७४ साल. अंधेरीच्या त्या कंपनीत रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना त्याला भोकं पाडलेली एकोणीस कार्डं वाचायला द्यावी लागत. एका वेळी किती कामं घ्यायची, कुठल्या कामाला किती जागा द्यायची, सगळं त्या कार्डांवरच्या आकड्यांत. त्यांचा अर्थ एकट्या इंजिनियर शिवदासला ठाऊक, आणि तो शनिवारी नोकरी सोडून मस्कतला चालला होता. म्हणून साहेबांनी टायपिस्ट पर्पेच्युआला त्याच्यासमोर बसवलं होतं. एका कार्डाला एक पान. पुस्तिका हेड ऑफिसला जायची होती.

शिवदास उठला, मशीनच्या खोलीच्या काचेपर्यंत जाऊन आला, बसला, पुन्हा उठला.

"मलाच नाही माहीत," तो एकदम म्हणाला. "माझ्या आधीच्याने यावर सातचा आकडा ठेवलेला. पाच वर्षं तोच चालवतोय. कुणाला बोलू नको यार."

"मग बदलून बघू या ना."

"वाट लागेल!"

"तुम्ही गेल्यावर लागली तर?"

जेवणाच्या सुट्टीत मशीन मोकळं होतं. शिवदासने वेगवेगळ्या आकड्यांची भोकं पाडून नवी कार्डं पंच केली. आठवर मशीन सुरू झालं. नऊवरही झालं. सहा दिला, तसे दिवे लागले आणि तिथेच थिजले. दोघांनी घाईघाईने सात परत घातला. मशीन चालू होईस्तोवर पर्पेच्युआने गळ्यातला क्रूस मुठीत धरून ठेवला होता.

मग तिने टाइप केलं: 'या कार्डाचा अर्थ आम्हाला माहीत नाही. सहा दिल्यास मशीन सुरू होत नाही. सात, आठ, नऊ चालतात. त्यापुढे पाहिलेलं नाही.'

साहेब भडकले. "माहीत नाही? हे हेड ऑफिसला पाठवायचं? काहीतरी लिही, चांगलंसं."

"काय लिहू सर? तुम्ही सांगा, मी टाइप करते."

साहेबांनी ते पान ओढून काढलं आणि खणात टाकलं. "पुढच्या पानांचे आकडे बदलून घे. आजच गेलं पाहिजे."

पाच वाजता पुस्तिका सहीसाठी शिवदाससमोर आली. त्याने पानं चाळली. तेरा. मग एकदम पंधरा. आकडे बदललेलेच नव्हते.

त्याने मान वर केली. पर्पेच्युआ टाइपरायटरवर कव्हर चढवत होती.

शिवदासने पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.