पेल्यावरचा पाव

झोया मित्रोफानोव्हनाने इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं, पण तिथल्या एका झपाटलेल्या हवेलीच्या अकरा खोल्या तिने रंगवून दिल्या होत्या. खारकिव्हमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर आठ पोरंपोरी संगणकावरचे खेळ बनवायची. खेळणाऱ्याने एकेका भुताटकीच्या खोलीत शिरायचं, पसाऱ्यातून यादीतल्या वस्तू हुडकून काढायच्या, मग पुढचं दार उघडायचं. हा पसारा हाताने रंगवणारं माणूस त्यांना हवं होतं. झोयाने तीस वर्षं मुलांच्या चित्रफितींसाठी राजवाडे आणि चेटकिणींच्या झोपड्या रंगवल्या होत्या. त्या जुन्या नोकरीच्या कार्यशाळेत चाळीस बायका होत्या. एकीच्या घरची खारवलेली काकडी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या ताटांतून फिरायची. इथली पोरं कानात गाणी घालून, पडद्याकडे बघत जेवायची.

सोमवारी सकाळी रोदिओन तिच्या टेबलापाशी आला. वय वर्षं सत्तावीस, पण इथला मुख्य तोच.

"झोया मित्रोफानोव्हना, शेवटच्या, पाहुण्यांच्या खोलीत काय करून ठेवलंयत?"

"का? कोळिष्टकं कमी पडली?"

"कोळिष्टकं भरपूर आहेत. हा पेला बघा. अमेरिकेत वीस बायकांना खेळ खेळून बघायला दिला होता. यादीत पेला नाहीच, तरी सगळ्या त्यावरच टिचक्या मारत बसल्या. एकीने तर अर्धा तास मारल्या."

"कामधंदा नाही वाटतं मेल्यांना!"

"गिऱ्हाईक विचारतंय, पेल्यावर पावाची चकती का ठेवली? आणि आरशावर चादर का?"

झोयाने चष्मा वर केला. "तुलाही माहीत नाही?"

"मला माहीत आहे हो. आजी गेली तेव्हा आईने ठेवला होता. पण इंग्रजांच्या हवेलीत वोडका आणि काळा पाव?"

"घरात माणूस गेलं की आरसा झाकतात, त्याच्या नावाने पेला ठेवतात. तिकडे काय करतात मग?"

"मला काय ठाऊक!" रोदिओन हसला. "पण त्यांना ते आवडलंय. फक्त म्हणतात, टिचकी मारली की काहीतरी घडलं पाहिजे. शुक्रवारपर्यंत सांगा, पेला उचलला की काय होतं?"

काय होतं ते झोयाला पक्कं ठाऊक होतं. चाळिसाव्या दिवशी आत्मा घर सोडतो. मग पाव पाखरांना घालायचा, पेला धुवायचा, आरशावरचं कापड काढायचं.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र क्लावाचा पेला गेले सात महिने तसाच होता, आणि आरसाही झाकलेलाच. क्लावा तिची थोरली बहीण, शाळेत भूगोल शिकवायची. दोघी अडतीस वर्षं दोन खोल्यांत एकत्र राहिल्या. चाळिसाव्या दिवशी शेजारणी आल्या, जेवल्या, गेल्या. झोयाने पेल्याकडे हात नेला आणि मागे घेतला. पेला आहे तोवर क्लावा आहे, घरात कुणीतरी आहे. तो उचलला की उरणार ती एकटी झोया. वोडका हळूहळू उडून जायची, ती पुन्हा भरायची. पाव दर शनिवारी बदलायची. घरी कुणी येत नव्हतं, त्यामुळे विचारणारंही कुणी नव्हतं.

मंगळवारी तिने पेल्यातून उडणारं वटवाघूळ काढलं.

"वटवाघळं तळघरातच संपली की हो," रोदिओन म्हणाला.

बुधवारी तिने पावातून ठिबकणारं रक्त काढलं आणि स्वतःच कागद चुरगळला. खोटं होतं ते. आणि खरं काढायचं, तर इतक्या महिन्यांनी उघडलेल्या आरशात काय दिसतं ते बघितल्याशिवाय हात चालणार नव्हता.

गुरुवारी ती उजेड असतानाच घरी आली. कोट न काढताच तिने पाव कुस्करून गॅलरीच्या कठड्यावर टाकला. चिमण्या काही लगेच आल्या नाहीत. वोडका मोरीत ओतली, पेला विसळला, पुसून कपाटात इतर पेल्यांमध्ये ठेवला. मग आरशावरच्या चादरीचं टोक धरलं.

"क्लावा, काढते हं मी."

क्लावा मोठी रुसणारी. रुसली की दोन-दोन दिवस तोंड उघडायची नाही. सात महिने झोयाने घरातल्या शांततेला तिचा रुसवाच मानलं होतं. आज चादर खाली आली, आणि तो रुसवा नव्हता हे तिला कळलं.

आरशात एक म्हातारी कोट घालून उभी होती. अंदाजाने विंचरलेल्या केसांचा भांग पार कानाकडे सरकला होता. उघड्या कोटाआतल्या स्वेटरची बटणं एका घराने चुकलेली. असा अवतार करून ती रोज ट्रामने कामावर जात होती! "कुठून धडपडून आलीस गं?" असं विचारणारं माणूसच नव्हतं. झोया स्टुलावर बसली. तिने कंगवा घेऊन भांग नीट काढला. मागून सरळ आलाय की नाही, हे मात्र तिला कळेना.

शुक्रवारी तिने रोदिओनपुढे चार कागद मांडले. टिचकी मारली की पाव नाहीसा होतो. खिडकी उघडते. चादर घसरते. आरशात खोली दिसते.

"आणि आरशात?"

"खोली. पलंग, खुर्ची."

"इथे भूत हवं, झोया मित्रोफानोव्हना! दहा खोल्या लोक त्याचीच वाट बघतायत."

"भूत गेलं."

"गेलं? कुठे गेलं?"

"काल दुपारी गेलं."

रोदिओनने कागदावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. मग जरा घुटमळत म्हणाला, "भांग छान काढलायत आज."

"इतके दिवस वाकडा होता, ते सांगायला काय झालं होतं?"

"आम्हाला वाटलं, कलावंत माणसं असाच ठेवत असतील."

"गाढवा!"

तो हसला, पण जागचा हलला नाही. "निदान एखादा आवाज तरी टाकू या. घड्याळाची टिकटिक?"

झोयाने विचार केला. "शेजारच्या घरात नळ सोडला की भिंतीतून पाणी उतरतं ना, तसा टाक."

"एवढ्या मोठ्या हवेलीला कुठला शेजार?"

"मग काहीच नको टाकूस," झोया म्हणाली, आणि ब्रश ओला करून आरशातल्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला राखाडी रंग भरू लागली.